रक्तांतील पांढऱ्या पेशी आणि संदर्भग्रंथाची निवड



गतवर्षीं शाळेंतील गायनस्पर्धेच्या दिवशीं सकाळीं एका मालवणी पालकांनीं शिपायाच्या हातीं आम्हांस एक चिठ्ठी पाठविली. तींत एवढेंच होतें : “झील आज येवचो नाय.” आम्ही पडलों घाटावरचे. पोवाडा गाणाऱ्याच्या मागें उभे राहून जे सूर धरतात ते झीलकरी, आणि ते जी ओढतात ती झील, एवढाच ह्या शब्दाचा अर्थ आम्हांस ठाऊक. पोवाड्याच्या चमूंतील मागचीं मुलें येणार नाहींत असें आम्ही समजलों, घाईघाईनें दुसरीं चार मुलें उभीं केलीं, आणि ज्याच्या घरून ती चिठ्ठी आली होती तो मुलगा वर्गांत दिसेना म्हणून त्याच्या नांवापुढें ‘विनापरवानगी गैरहजर’ असा शेरा मारून मोकळे झालों. दोन दिवसांनीं वडील स्वतः आले तेव्हां उलगडा झाला. मालवणींत झील म्हणजे मुलगा. मुलगा तापानें फणफणत होता, आणि तो येणार नाहीं हें त्यांनीं रीतसर कळविलें होतें.

शेरा आम्हीं खोडला. पण गोष्ट मनांत राहिली. चिठ्ठी बिनचूक होती. आमच्यापाशीं कोश मात्र एकाच प्रांताचा होता. बरें, तो शब्द आमच्या कोशांत मुळींच नसता तर आम्हीं थांबून कोणास तरी विचारलें असतें. तो होता, पण निराळ्या अर्थानें होता, म्हणूनच आम्ही निःशंकपणें चुकलों. ‘येवचो’ हें पुल्लिंगी रूप डोळ्यांपुढें असूनहि शंका आली नाहीं. आज ज्या विषयावर लिहावयाचें आहे त्यांतील मुख्य अडचण नेमकी अशीच आहे, आणि ती मोठमोठ्या प्रयोगशाळांनाहि पडते.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्यें सुमारें ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशीं झगडणें हें त्यांचें काम. त्यांत अनेक जाति आहेत. बी-पेशी प्रतिपिंडें तयार करतात. टी-पेशी रोगग्रस्त पेशी ओळखून त्यांस मारतात किंवा इतरांस हुकूम देतात. भक्षक पेशी जंतु गिळतात. आणि ‘नैसर्गिक मारक’ नांवाच्या पेशी पूर्वींची ओळख नसतांहि बिघडलेल्या पेशीवर चालून जातात. सूक्ष्मदर्शकाखालीं ह्यांतील पुष्कळशा एकसारख्याच दिसतात. म्हणून कोणती पेशी कोणत्या कामांत गुंतली आहे हें जाणण्यासाठीं अलीकडे तिच्या पोटांतील निरोप वाचतात.

निरोप म्हणजे काय तें आधीं सांगितलें पाहिजे. पेशीच्या केंद्रांत डी. एन. ए. चा लांबलचक धागा असतो. त्यावर अ‍ॅडेनिन, सायटोसिन, ग्वानिन व थायमिन हीं चार रासायनिक अक्षरें ओळीनें लागलेलीं असतात. आपण त्यांस अ, स, ग, थ म्हणूं. मनुष्याच्या एका संचांत अशीं ३०० कोटींहून थोडीं अधिक अक्षरें भरतात. ह्या सर्व मजकुरास जीनोम म्हणतात, आणि त्यांतील ज्या भागांत एखादें प्रथिन बनविण्याची कृति लिहिलेली असते त्यास जनुक. प्रथिन हवें झालें म्हणजे पेशी त्या जनुकाची नक्कल उतरून केंद्राबाहेर धाडते. ती नक्कल म्हणजे आर. एन. ए. चा निरोप. (आर. एन. ए. मध्यें थायमिनाच्या जागीं युरॅसिल येतें. परंतु यंत्रानें वाचण्यापूर्वीं त्याची पुन्हां डी. एन. ए. मध्यें नक्कल करतात, म्हणून तो भेद आपण सोडून देऊं.)

आतां रीत अशी. प्रत्येक पेशी तेलांतील पाण्याच्या एकेका सूक्ष्म थेंबांत एकटी कोंडतात, तिच्या निरोपांवर त्या थेंबाची खूण चिकटवितात, मग सर्व नकला एकत्र करून त्यांचे तुकडे करतात, आणि यंत्र प्रत्येक तुकड्याचीं शंभराच्या आसपास अक्षरें वाचतें. एका प्रयोगांत असे कोट्यवधि तुकडे निघतात. तुकड्यावर पेशीची खूण असते, जनुकाचें नांव नसतें. तें नांव शोधण्यासाठीं संगणक तो तुकडा आधींच तयार असलेल्या एका जीनोमाशीं लावून पाहतो. ह्यास संदर्भ-जीनोम म्हणतात. जेथें अक्षरें जुळतील त्या जनुकाच्या खात्यावर एक आंकडा मांडला जातो, आणि शेवटीं पेशी व जनुकें ह्यांचा एक भला मोठा तक्ता तयार होतो. पुढील सर्व अनुमानें ह्या तक्त्यावरून निघतात. तक्ता पाहणारास मूळ तुकडे सहसा दिसत नाहींत, जसा गुणपत्रिका पाहणाऱ्या पालकांस उत्तराचा कागद दिसत नाहीं.

हा संदर्भ-जीनोम कोणाचा, असा प्रश्न कोणीहि शहाणा विद्यार्थी विचारील. मानवी जीनोमाचा पहिला मसुदा २००१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २००३ च्या एप्रिलांत काम पुरें झाल्याचें जाहीर झालें. त्यासाठीं १९९७ सालीं अमेरिकेंतील बफलो शहरीं वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन स्वयंसेवक मिळविले होते. त्यांचीं नांवें गुप्त ठेविलीं आहेत. त्यांतील एकाच पुरुषाच्या डी. एन. ए. पासून संदर्भाचा सुमारें ७० टक्के भाग बनला. उरलेला इतर अनेकांचा. म्हणजे हा ग्रंथ धड एका माणसाचा नाहीं आणि सर्व मानवजातीचाहि नाहीं. आमच्या आजीच्या गोधडीसारखा तो निरनिराळ्या तुकड्यांचा शिवलेला आहे. त्याची ३७ वी आवृत्ति २००९ सालीं व ३८ वी २०१३ च्या डिसेंबरांत निघाली. दोहोंत अक्षरांचे क्रमांक जुळत नाहींत. अर्ध्या वर्गापाशीं जुनें पुस्तक आणि अर्ध्यापाशीं नवें असतांना शिक्षकांनीं ‘पृष्ठ ४२ उघडा’ म्हणावें, तसा घोटाळा दोन्ही आवृत्त्या मिसळणाऱ्यांचा होतो. पुढें २०२२ सालीं टोकापासून टोकापर्यंत अखंड असा जीनोम प्रथमच प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें २० कोटि अक्षरांची भर पडली.

बहुतेक जनुकांच्या बाबतींत ह्या निवडीनें फारसें बिघडत नाहीं. कोणत्याहि दोन माणसांत हजार अक्षरांमागें सुमारें एका अक्षराचा फरक असतो, आणि तेवढा फरक संगणक सहज सोसतो. रोगप्रतिकारक जनुकांची गोष्ट मात्र निराळी आहे. जंतु सतत रूप पालटतात, म्हणून ज्या समाजांत ह्या जनुकांचीं नाना रूपें नांदत असतील तो समाज साथींतून वांचण्याचा संभव अधिक. त्यामुळें सहाव्या गुणसूत्रावरील एच. एल. ए. ह्या जनुकसमूहाचीं ४०,००० हून अधिक रूपें आतांपर्यंत नोंदलीं गेलीं आहेत. पेशीच्या पृष्ठभागावर जंतूंचे अवशेष टी-पेशींस दाखविणें, हें ह्या जनुकांपासून होणाऱ्या प्रथिनांचें काम.

ह्या समूहांत डीआरबी नांवाचीं भावंडें आहेत. डीआरबी-१ प्रत्येकाजवळ असतें. त्याच्या शेजारीं मात्र कोणाच्या गुणसूत्रावर डीआरबी-३, कोणाच्या डीआरबी-४, कोणाच्या डीआरबी-५ असतें, आणि कोणाजवळ ह्यांपैकीं एकहि नसतें. ३८ व्या आवृत्तीच्या मुख्य भागांत जो मजकूर घेतला आहे तो डीआर-१५ ह्या घराण्याचा. त्या घराण्यांत डीआरबी-५ असतें. डीआरबी-३ व डीआरबी-४ नसतात. तीं दोन जनुकें ग्रंथाच्या पुरवण्यांत दिलीं आहेत, आणि पेशी-वाचनाच्या नेहमींच्या कामांत ह्या पुरवण्या बहुधा वगळतात. मग ज्याच्या अंगीं डीआरबी-४ आहे त्याच्या निरोपांचें काय होतें?

हें समजण्यासाठीं कागद-पेन्सिल घ्या. पुढील ओळी आम्हीं केवळ उदाहरणासाठीं रचल्या आहेत. संदर्भांत दोनच जनुकें आहेत असें समजा.

पहिलें जनुक : ग अ थ स स अ ग थ अ स
दुसरें जनुक : ग अ थ ग स अ थ थ अ स

आणि रोग्याच्या पेशींत संदर्भांत नसलेलें तिसरेंच जनुक आहे.

तिसरें जनुक : ग अ थ ग स अ ग थ अ स

तिसऱ्याचीं दहाहि अक्षरें यंत्रानें वाचलीं तर तीं पहिल्याशीं लावून पाहा : केवळ चौथें अक्षर चुकतें. दुसऱ्याशीं लावा : केवळ सातवें चुकतें. दोन्हीकडे सारखाच जुळणारा तुकडा मोजणींतून वगळण्याची पुष्कळ ठिकाणीं रीत आहे. म्हणजे निरोप वाचला गेला, पण तक्त्यांत आला नाहीं. आतां तुकडा आंखूड आहे असें समजा. यंत्रानें तिसऱ्या जनुकाचीं शेवटचीं सहाच अक्षरें वाचलीं : स अ ग थ अ स. हीं पहिल्या जनुकाच्या शेवटाशीं तंतोतंत जुळतात, एकहि चूक नाहीं. पहिलीं सहा वाचलीं : ग अ थ ग स अ. हीं दुसऱ्याच्या आरंभाशीं तंतोतंत जुळतात. अशा रीतीनें जें जनुक संदर्भांत नाहीं त्याची मिळकत त्याचे दोन शेजारी वांटून घेतात, आणि हिशेब तपासणारास कोठेंहि खोडाखोड दिसत नाहीं. तिसरी ओळ संदर्भांत लिहितांच दहा अक्षरांचा तुकडा आपल्या घरीं जातो, आंखूड तुकडे मात्र दोन ओळींशीं सारखेच जुळतात.

प्रत्यक्षांत डीआरबी-४ चे कांहीं तुकडे गळतात, तर कांहीं डीआरबी-१ किंवा डीआरबी-५ च्या खात्यावर चढतात. ज्याच्या अंगीं डीआरबी-५ मुळींच नाहीं त्याच्याहि बी-पेशींत तें थोडेंफार चालू असल्याचें तक्ता सांगूं शकतो. हा घोटाळा क्षुल्लक समजूं नये. संधिवाताच्या ऱ्हूमॅटॉइड नांवाच्या प्रकाराचा डीआर-४ ह्या घराण्याशीं संबंध असल्याचें फार दिवसांपासून ठाऊक आहे, आणि डीआर-४ बरोबर डीआरबी-४ येतें. अशा रोग्यांच्या पेशी निरोग्यांच्या पेशींशेजारीं ठेवून तक्ते ताडून पाहिले, तर डीआरबीच्या रकान्यांत जो फरक दिसेल तो रोगानें पडलेला, का जन्मापासूनचा, का निव्वळ संदर्भांत ओळ नसल्यामुळें पडलेला, हें तक्त्यावरून सांगतां येणार नाहीं.

ह्याहून गंभीर प्रसंग रक्ताच्या कर्करोगांत येतो. दुसऱ्याच्या मूलपेशी देऊन उपचार केल्यावर कधीं कधीं रोग उलटतो. २००९ सालीं इटलींतील संशोधकांनीं दाखविलें कीं, अशा कांहीं रोग्यांत कर्करोगाच्या पेशी आपलें न जुळणारें एच. एल. ए. टाकून देतात, व त्यामुळें दात्याच्या टी-पेशींस त्या दिसेनाशा होतात. तेव्हां ‘ह्या पेशींत एच. एल. ए. कमी आहे’ ही तक्त्यांतील नोंद वैद्यास फार महत्त्वाची. परंतु रोग्याचें एच. एल. ए. रूप संदर्भांतील रूपाहून पुष्कळ दूरचें असलें, तर त्याचे तुकडे जुळतच नाहींत आणि आंकडा तसाच घसरतो. शत्रूनें निशाण उतरविलें, कीं आपल्या दुर्बिणीला तो रंग दिसत नाहीं? म्हणून असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं रोग्याचें एच. एल. ए. स्वतंत्रपणें ठरवून घेणें अवश्य आहे.

नैसर्गिक मारक पेशींवरील के. आय. आर. ह्या जनुकांचीहि हीच कथा. तीं एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतात, आणि कोणाजवळ किती असावींत ह्याला नियम नाहीं. त्यांच्या मांडणीचे ‘ए’ व ‘बी’ असे दोन वर्ग करतात. संदर्भाच्या मुख्य भागांत ‘ए’ मांडणी आहे. ‘बी’ मांडणींतील पेशीस चेतविणारीं कित्येक जनुकें केवळ पुरवण्यांत. आपल्या भारतीय लोकांत ‘बी’ मांडणीचें प्रमाण युरोपीय लोकांपेक्षां अधिक आढळलें आहे. तेव्हां ही उणीव आपल्यास अधिक जाचते, हें आम्हीं वेगळें सांगावयास नको.

उंदरांकडे वळूं. प्रयोगशाळेंतील उंदरांच्या निरनिराळ्या शुद्ध जाति आहेत, आणि २००२ च्या डिसेंबरांत जो उंदराचा जीनोम प्रसिद्ध झाला तो ‘ब्लॅक-६’ नांवाच्या काळ्या जातीचा. ‘बाल्ब-सी’ ही पांढरी जातहि तितकीच प्रचलित. बाल्ब-सी उंदीर जें प्रतिपिंड बनवितो त्याच्या एका प्रकारास आयजीजी-२ए म्हणतात. काळ्या उंदरांत तें जनुकच नाहीं, त्याच्या जागीं आयजीजी-२सी आहे. आतां पांढऱ्या उंदराच्या बी-पेशी काळ्या उंदराच्या ग्रंथावरून वाचल्या, म्हणजे त्याच्या अंगीं नसलेलें २सी त्याच्या नांवावर लागतें. उंदरांच्या मारक पेशींवरील एलवाय-४९ ह्या जनुकांची संख्या ब्लॅक-६ मध्यें १५ आणि बाल्ब-सी मध्यें ८. येथें तर ओळींची संख्याच जुळत नाहीं, मग अक्षरांची गोष्ट कशाला?

आतां ह्या विषयांतील आम्हांस सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. शरीरांतील इतर पेशी जन्मतः मिळालेला मजकूर जसाच्या तसा जपतात. बी-पेशी व टी-पेशी मात्र तो कापून पुन्हां जोडतात. प्रतिपिंडाच्या एका बाजूसाठीं व्ही, डी व जे अशा तीन प्रकारचे जनुकखंड असतात : उपयोगी व्ही चाळिसाच्या आसपास, डी त्याहून कमी, जे सहा. प्रत्येक बी-पेशी त्यांतील एकेक निवडून सांधते आणि मधला मजकूर टाकून देते. सुसुमु टोनेगावा ह्यांनीं १९७६ सालीं हें प्रयोगानें दाखविलें, आणि त्यांस १९८७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें जंतूशीं गांठ पडल्यावर बी-पेशी ह्या सांधलेल्या मजकुरांत हेतुपुरस्सर अक्षरबदल करते, व जिचें प्रतिपिंड अधिक घट्ट चिकटेल ती पेशी टिकते. म्हणून ‘मूळ खंडापासून किती अक्षरें बदललीं’ ही संख्या म्हणजे त्या पेशीच्या अनुभवाचें माप धरतात. लस घेतल्यावर प्रतिपिंडें किती मुरलीं तें ह्यावरून अजमावतात.

पण मूळ खंड कोणता, हें कोण सांगणार? पुन्हां संदर्भच. फ्रान्समधील माँपेलिए येथें १९८९ सालीं स्थापन झालेल्या संग्रहांतील खंडांच्या याद्या जगभर वापरतात. समजा, एखाद्या माणसास वडिलांकडून मिळालेला व्ही-खंड त्या यादींतील जवळच्या खंडाहून तीन अक्षरांनीं निराळा आहे. तर त्याची अगदीं नवशिकी, जंतूचें तोंड न पाहिलेली बी-पेशीहि तीन बदल केलेली अनुभवी पेशी ठरेल. कुळाचा वारसा अनुभव म्हणून मोजला जाईल. ही चूक ओळखण्याची युक्ति मात्र सुंदर आहे. अनुभवानें होणारे बदल पेशीपेशींत निरनिराळ्या जागीं पडतात. वारशाचे बदल तो खंड वापरणाऱ्या प्रत्येक पेशींत त्याच जागीं दिसतात. परीक्षक असतांना आम्हांस हें परिचयाचें आहे : एक मुलगा चुकला तर ती चूक, एका गांवाहून आलेलीं सर्व मुलें तोच शब्द तसाच लिहितात तेव्हां ती बोली. ह्याच तत्त्वावर नवे खंड शोधून काढणाऱ्या संगणक-पद्धति २०१५ पासून प्रचारांत आहेत.

ह्या कापाकापीमुळें संदर्भ तयार करणारांसहि अडचण होते. रक्तापासून डी. एन. ए. घेतला म्हणजे त्यांत कापलेल्या पेशींचा मजकूर मिसळतोच. ३७ व्या आवृत्तींतील प्रतिपिंडांचा भाग निरनिराळ्या व्यक्तींच्या तुकड्यांचा जोडलेला होता. २०१३ सालीं तो भाग, पित्याकडचा एकच संच दुहेरी झालेल्या असाधारण पेशींवरून सलग वाचण्यांत आला, आणि तोच ३८ व्या आवृत्तींत घेतला गेला. २०२२ चा अखंड जीनोमहि तशाच प्रकारच्या दुसऱ्या पेशींचा आहे. तो अखंड आहे हें खरें. परंतु अखंड झाला तरी तो एकाच संचाचा, आणि अखंडपणा व प्रातिनिधिकता ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें आमच्या मतें पुष्कळदां विसरलें जातें.

मग सर्व पुरवण्या एकदम जोडून कां टाकूं नयेत? त्यांतहि मेख आहे. एकच मजकूर मुख्य भागांत व पुरवणींत असा दोनदां आला, कीं तुकडा दोन्हीकडे सारखाच जुळतो आणि वर सांगितल्याप्रमाणें मोजणींतून बाद होतो. चांगल्या हेतूनें ग्रंथ वाढवावा आणि निरोप अधिकच हरवावेत, असें घडतें. पुरवणी ही पुरवणीच आहे हें ओळखणारी पद्धति सोबत हवी. दुसरा, आम्हांस अधिक पसंत असलेला मार्ग म्हणजे आधीं त्या माणसाचें एच. एल. ए. ठरवावें, मग तेवढीं जनुकें त्याच्याच रूपांत घालून त्याच्यापुरता संदर्भ बनवावा. ह्यांत श्रम आहेत, वेळ जातो, आणि शंभर रोगी असले तर शंभर ग्रंथ होतात.

तिसरा मार्ग अनेकांचा मिळून एक संदर्भ करण्याचा. २०२३ च्या मे महिन्यांत ४७ व्यक्तींच्या जीनोमांचा असा पहिला एकत्रित मसुदा प्रसिद्ध झाला. त्यांतहि मूळ पेशी बी-पेशींपासून वाढविलेल्या असल्यानें प्रतिपिंडांचा भाग जपूनच वाचावा लागतो. आपल्या देशांत ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पानें सुमारें १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले, व २०२५ च्या जानेवारींत ती माहिती संशोधकांस खुली झाली. हें मोठें काम आहे. मात्र तें वाचन लहान तुकड्यांचें आहे, आणि एच. एल. ए. व के. आय. आर. सारखे भाग नीट सांधावयास लांब तुकड्यांचें वाचन लागतें.

विज्ञानमंडळाच्या बैठकींत आम्हीं वरील तीन ओळींचा खेळ मुलांकडून करविला, तेव्हां एका मुलीनें विचारलें, “सर, माझा तुकडा दोन्ही ओळींशीं जुळतच नाहीं. मी तो खोडूं का?” प्रयोगशाळांतून न जुळलेले तुकडे बहुधा तक्त्याबाहेरच राहतात, असें आम्हांस सांगावें लागलें, परंतु यंत्रानें वाचलेला मूळ मजकूर जपून ठेवला तर पुढें नवा संदर्भ निघाल्यावर तेच तुकडे पुन्हां लावून पाहतां येतात, हेंहि सांगितलें. तिनें तुकडा खोडला नाहीं. वहीच्या शेवटच्या पानावर एक निराळी यादी केली, तिला ‘घर न सांपडलेले’ असें नांव दिलें, आणि तो तेथें उतरून ठेविला.